पोहण्याची वेळ कमी होत नाही? आधी क्रम तपासा

संध्याकाळी पणजीतल्या कांपालच्या जलतरण तलावाच्या कठड्यापाशी उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सर, हिला आणखी चार लॅप मारायला सांगा." सांगणारे आईवडील डिचोलीहून, फोंड्याहून, कधी पेडण्याहून मुलांना घेऊन आलेले असतात. पोर जीव तोडून पोहतं, घरी जाऊन दोन घास खाऊन झोपतं, आणि तीन महिन्यांनी ५० मीटरची वेळ जिथल्या तिथे. मग कुणी जिम सुचवतं, कुणी प्रोटीनचा डबा, कुणी महागडा स्विमसूट.

मेहनत कमी पडत नाही. क्रम उलटा होतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं. वेग वाढला की पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी ताकद घनाने. हिशेब करून बघा: वेग १० टक्के वाढवायचा तर ताकद जवळजवळ ३३ टक्के जास्त हवी. बारा वर्षांच्या मुलीने एका मोसमात तेवढी ताकद कुठून आणायची? विरोध कमी करणं मात्र तिला दोन महिन्यांत जमू शकतं. म्हणून आधी विरोध, मग पकड, मग भिंत, मग दम आणि सगळ्यांत शेवटी ताकद. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या, आणि एक पक्का झाल्याशिवाय पुढच्यावर उडी मारू नका.

ज्यांना न थांबता २०० मीटर फ्रीस्टाइल पोहता येतं त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. उदाहरणं बहुतेक फ्रीस्टाइलची आहेत, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

तलावात उतरण्याआधी

एक वही, स्टॉपवॉच, मोजपट्टी आणि फोन एवढं पुरतं. तलाव २५ मीटरचा की ५० चा, हे वहीच्या पानावर वर लिहा. २५ मीटरच्या तलावात टर्न (भिंतीपाशी वळणं) जास्त आणि प्रत्येक टर्नला भिंतीचा धक्का फुकट मिळतो, त्यामुळे तिथली वेळ नेहमी कमी येते. दोन्ही तलावांतल्या वेळा एकाच रांगेत लिहून "सुधारणा झाली" म्हणणारे पालक मी दरवर्षी पाहतो. हॉटेलातल्या वळणावळणाच्या तलावात घेतलेली वेळ तर वहीत लिहूच नका.

पहिल्या दिवशी चार आकडे घ्या:

१. पाण्यातूनच भिंतीला रेटा देऊन पोहलेल्या ५० मीटरची वेळ.
२. त्या ५० मीटरमध्ये किती हात पडले. डावा एक, उजवा एक, असे मोजा.
३. भिंतीला रेटा देऊन, हातपाय न हलवता, डोकं किती मीटरपर्यंत जातं.
४. टर्नची वेळ: भिंतीआधीच्या ५ मीटरपासून टर्न घेऊन परत ५ मीटरपर्यंत. बॅकस्ट्रोकच्या झेंड्यांची दोरी दोन्ही टोकांना भिंतीपासून ५ मीटरवर असते, तीच खूण धरा.

सगळं दोन वेगवेगळ्या दिवशी घ्या. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका. फोनवर एकदा बाजूने आणि एकदा समोरून चित्रण करा. सार्वजनिक तलावावर इतरांची मुलंही पाण्यात असतात, तेव्हा आधी कार्यालयात विचारा आणि फक्त आपल्याच मुलाचं चित्रण करा.

इशारा: सराव तलावातच, जीवरक्षक हजर असताना. पावसाने भरलेल्या चिरेखाणीचं पाणी शांत दिसतं म्हणून तिथे मुलांना नेऊ नका. उभे काठ, तळाचा अंदाज नाही, आणि बाहेर यायला पायरी नाही. जून ते सप्टेंबर समुद्रही विसरा.

टप्पा १: जमिनीवरची तपासणी

उंची आणि हातांचा पसारा मोजून ठेवा. मायकल फेल्प्सची उंची १९३ सेंमी आणि पसारा सुमारे २०१ सेंमी, हे आता सगळ्यांना पाठ आहे. लांब शरीर आणि लांब हात पाण्यात फायद्याचेच. पण जपानच्या कोसुके किताजिमाची उंची १७८ सेंमी होती, आणि २००४ व २००८ च्या ऑलिंपिकमध्ये १०० आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची चारही सुवर्णपदकं त्याने घेतली. हाडं आपण बदलू शकत नाही, तेव्हा मोजा आणि सोडून द्या. सांधे बदलतात, तिथे लक्ष घाला.

घोटा: जमिनीवर पाय लांब करून बसा आणि पावलं पुढे ताणा. नडगी आणि पाऊल जवळजवळ एका रेषेत आलं तर घोटा चांगला. पाऊल उभंच राहत असेल तर किक मारताना ते पाण्यात ब्रेकसारखं काम करतं. यावर आपल्याकडे सोपा उपाय आहे: वज्रासन. रोज दोन-तीन मिनिटं, हळूहळू वाढवत. गुडघा दुखत असेल तर मात्र नको.

खांदा: भिंतीला टाचा, नितंब आणि पाठ टेकून उभं राहा. तळहातावर तळहात ठेवून दोन्ही हात डोक्यावर सरळ करा, दंड कानांच्या मागे. हात भिंतीला टेकताना कंबर भिंतीपासून सुटली तर खांदे आखडलेले आहेत.

तपासा: मूल वाढीच्या वयात असेल तर दर महिन्याला दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करा. झपाट्याने उंची वाढते त्या महिन्यांत पाय जड होतात, हाताचा अंदाज चुकतो आणि वेळ थांबते, कधी मागेही जाते. त्या काळात ओरडू नका, लॅपही वाढवू नका. टप्पा २ पुन्हा करा.

टप्पा २: शरीर आडवं आणणं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. मी नव्या मुलांना पहिले सहा आठवडे जवळजवळ एवढंच करायला लावतो, आणि पालक कंटाळतात हे मला माहीत आहे.

छातीत हवा असते म्हणून छाती तरंगते, पाय जड म्हणून बुडतात. शरीराचा तराजू फुफ्फुसांपाशी टेकलेला असतो. डोकं वर उचललं की दुसरं टोक, म्हणजे कंबर आणि पाय, खाली जातं. मग आडव्या फळीऐवजी तिरकी फळी पाण्यातून ओढायची वेळ येते. किती ताकद लावली तरी ती त्या फळीला ढकलण्यातच खर्च होते.

गोव्यात या चुकीची दोन घराणी आहेत. खांडेपार किंवा म्हादईच्या पाण्यात काकांबरोबर शिकलेली मुलं डोकं वर ठेवून पोहतात. नदीत ते बरोबरच होतं, प्रवाह आणि काठ दिसायला हवा. तलावात तीच सवय नडते. दुसरं घराणं मिरामार-करंजाळ्याला समुद्रात पोहणाऱ्या मोठ्यांचं. आयर्नमॅन ७०.३ या पोहणं-सायकल-धावणं अशा शर्यतीतल्या १.९ किलोमीटर पोहण्याच्या तयारीसाठी अनेकजण आता समुद्रात सराव करतात. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा दोन ते तीन टक्के जड असतं, त्यामुळे पाय आपोआप वर येतात. आपली मांडणी उत्तम आहे असं वाटायला लागतं, आणि तलावात आलं की पाय बुडतात. "तलावाचं पाणी जड लागतं" असं ते सांगतात. खरं तर ते हलकं असतं, म्हणूनच कमी उचलून धरतं.

सराव या क्रमाने करा:

१. पालथं तरंगणं. हात पुढे, नजर थेट तळाकडे. मान सैल. आता छातीने पाणी किंचित खाली दाबा, उशीवर रेलावं तसं. कंबर वर आलेली जाणवेल. दहा वेळा.

२. रेटा आणि घसरण. भिंतीला दोन्ही पाय, हातावर हात, दंड कानांवर घट्ट. रेटा द्या आणि वेग संपेपर्यंत हलू नका. दहा वेळा.

३. कुशीवर किक. खालचा हात पुढे, वरचा मांडीवर, चेहरा पाण्यात, एक खांदा पाण्याबाहेर. २५ मीटर उजव्या कुशीवर, २५ डाव्या.

४. सहा किक आणि बदल. कुशीवर सहा किक, एक हात मारून दुसऱ्या कुशीवर, पुन्हा सहा किक. इथे शरीर लांब अक्षावर फिरायला शिकतं. खांदे आणि कंबर एकत्र फिरायला हवीत. कंबर मागे राहून नुसते खांदे फिरले की पाय कात्रीसारखे फाकतात, आणि ती कात्री समोरून घेतलेल्या चित्रणात लगेच दिसते.

नेहमीची चूक: नजर तळाकडे म्हणजे हनुवटी छातीला चिकटवणं नव्हे. तसं केलं की डोकं बुडतं आणि श्वासासाठी पुन्हा उचलावं लागतं. पाणी टाळूच्या मधोमध लागलं पाहिजे.

तपासा: हातपाय न हलवता डोकं झेंड्यांच्या दोरीपलीकडे सहज जातं का? पहिल्या दिवसाच्या आकड्यात एक-दीड मीटरची तरी भर पडली का? पडली नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: श्वास

दम लागतो म्हणून श्वास चुकत नाही. बहुतेक वेळा श्वास चुकतो म्हणून दम लागतो. चेहरा पाण्यात असताना नाका-तोंडातून सतत बुडबुडे सोडायचे, म्हणजे तोंड बाहेर येईल तेव्हा फक्त आत घ्यायचं काम उरतं. बहुतेक मुलं पाण्यात श्वास कोंडून धरतात आणि बाहेर आल्यावर सोडणं-घेणं दोन्ही उरकू बघतात. त्यासाठी वेळ जास्त लागतो, म्हणून डोकं उचललं जातं, आणि टप्पा २ चं काम वाया जातं.

श्वास घेताना एक गॉगल पाण्यातच राहिला पाहिजे. डोकं शरीराबरोबर फिरतं, वेगळं वर येत नाही. सरावात दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिका. शर्यतीत सोयीची बाजू घेतली तरी चालते.

इशारा: पाण्याखाली किती लांब जातो याच्या पैजा बंद करा. आधी भराभर खोल श्वास घेऊन मग दम कोंडून पोहणं सगळ्यांत धोक्याचं. अशा श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे श्वास घ्यायची तगमग उशिरा जाणवते, आणि तोवर ऑक्सिजन इतका उतरतो की पाण्यातच शुद्ध हरपते. चांगली पोहणारी मुलंही अशी गेली आहेत. वरून बघणाऱ्याला वाटतं, पोर अजून खेळतंय.

टप्पा ४: पाय

किक गुडघ्यातून मारायची नाही, मांडीच्या मुळापासून. गुडघा किंचित वाकतो, पण सायकल चालवल्यासारखा नाही. टाचा पाण्याचा पृष्ठभाग जेमतेम फोडतात, खाली पाय शरीराच्या सावलीच्या फार बाहेर जात नाहीत. मोठी किक म्हणजे मोठा विरोध.

मांडीचे स्नायू सगळ्यांत मोठे, ऑक्सिजनही सगळ्यांत जास्त तेच खातात. म्हणून ५० मीटरला सहा ठोक्यांची किक (डावा-उजवा मिळून दोन हातांमागे सहा किक), तर ४०० किंवा त्याहून लांब अंतराला अनेकजण दोन ठोक्यांवर येतात. किकबोर्ड धरून डोकं वर ठेवत तासभर किक मारायला लावणं मला पटत नाही. त्यातून बुडालेल्या कमरेचाच सराव होतो. बोर्ड बाजूला ठेवा, हात पुढे घेऊन पालथी किंवा उताणी किक मारा.

टप्पा ५: पकड

"हात जोरात मारा" ही सूचना मी पूर्वी द्यायचो. आता देत नाही. जोरात मारलेला हात पाणी मागे सरकवतो आणि शरीर तिथेच राहतं. पाण्यात एक अशी जागा धरायची असते जिच्यावरून शरीर पुढे ओढून घेता येईल. विहिरीच्या कठड्यावर हात टेकून आपण वर येतो, तेव्हा कठडा हलत नाही, आपण हलतो. हातालाही पाण्यात असाच कठडा शोधायचा असतो.

हात पाण्यात शिरताना बोटांची टोकं आधी, खांद्याच्या सरळ रेषेत. अंगठा आधी घालायची जुनी शिकवण सोडा, त्याने खांदा आतल्या बाजूला पिळला जातो आणि काही महिन्यांनी पुढच्या बाजूने दुखायला लागतो. हात डोक्याच्या मधल्या रेषेपलीकडेही जाता कामा नये. तसा गेला की कंबर नागमोडी होते.

हात पुढे लांब झाला की पहिली हालचाल कोपरापासून खालच्या भागाची. बोटं तळाकडे वळतात, तळहात आणि पुढचा हात मिळून एक वल्हं होतं, कोपर मात्र वरच राहतं. मांडवीत होडी वल्हवणाऱ्याकडे बघा: वल्ह्याचं पातं उभं झाल्याशिवाय तो ओढत नाही. आपली मुलं आडव्या हाताने पाणी खाली दाबतात. त्याने शरीर पुढे जात नाही, छाती वर उचलली जाते आणि पाय बुडतात.

मग ओढ. हात शरीराच्या खालून साधारण सरळ मागे, मांडीपर्यंत. इंग्रजी एस अक्षरासारखा वळणावळणाचा हात ओढायची गरज नाही. सुरुवात हळू, शेवट वेगात. बोटं आवळू नका, किंचित फट राहिली तरी पाणी निसटत नाही.

सराव:

१. स्कलिंग. हात पुढे, कोपर वर, पुढचा हात आत-बाहेर असा हलवायचा की तळहातावर सतत दाब जाणवेल. किक नाही. वेग जवळजवळ शून्य, हे ठीक आहे. ४ × २५ मीटर.

२. मुठी वळून फ्रीस्टाइल, २५ मीटर. तळहात काढून घेतल्यावर पुढचा हात वापरावाच लागतो. लगेच पुढचे २५ मीटर उघड्या हाताने पोहा. पाणी अचानक घट्ट लागतं, आणि त्या क्षणी मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी हा सराव कधीच वगळत नाही.

३. एका हाताने फ्रीस्टाइल, दुसरा पुढे स्थिर.

इशारा: पॅडल (तळहाताला बांधायची प्लास्टिकची पाटी) आत्ता नको. पकड चुकीची असताना पॅडल लावलं तर चूक मोठी होते आणि भार खांद्यावर येतो.

तपासा: त्याच वेळेत ५० मीटरचे हात तीन-चारने कमी झाले का?

टप्पा ६: हाताची लांबी आणि हातांची गती

वेग म्हणजे एका हातात कापलेलं अंतर गुणिले मिनिटात पडणारे हात. यातलं एक वाढवताना दुसरं कोसळत नाही ना, हे बघणं एवढंच या टप्प्याचं काम.

समजा एका मुलीची ५० मीटरची वेळ ३८ सेकंद आणि हात ५२. भिंतीच्या रेट्याचे ५ मीटर आणि त्याचे ३ सेकंद वजा केले तर ४५ मीटरला ३५ सेकंद: एका हातात सुमारे ८७ सेंमी, मिनिटाला सुमारे ८९ हात. पकड सुधारून हात ४६ वर आले तर एका हातात ९८ सेंमी होतात. गती तीच राहिली असती तर ४५ मीटरला ३१ सेकंद लागले असते. प्रत्यक्षात हात लांब झाला की गती थोडी उतरते, म्हणून सुरुवातीला एक-दीड सेकंदाचाच फायदा दिसतो. घाबरू नका. लांबी टिकवून गती हळूहळू परत आणा.

त्यासाठी वहीत एक बेरीज ठेवा: ५० मीटरचे सेकंद अधिक हात. वर दिलेल्या मुलीची ९०. ही बेरीज कमी होत गेली तर दिशा बरोबर. वेळ कमी झाली पण हात तेवढेच वाढले, तर तिने फक्त जास्त दमून तेच केलं.

उलट चूकही होते. हात कमी पडावेत म्हणून मुलं प्रत्येक हातानंतर पुढे थांबून घसरत राहतात. त्या थांब्यात वेग पडतो आणि पुन्हा उचलायला जास्त ताकद लागते. एक हात पकड घेत असताना दुसरा पाण्यात शिरत असला पाहिजे.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली चीनच्या पान झानलेने १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत पोहली. सरासरी वेग सेकंदाला सुमारे २.१५ मीटर. त्या शर्यतीच्या चित्रणात त्याचे हात मोजा, आवाज बंद करून. पहिल्या आणि दुसऱ्या ५० मीटरमध्ये किती फरक पडतो तो तुमच्या मुलीच्या फरकाशी ताडून बघा.

टप्पा ७: भिंत आणि सूर

संपूर्ण शर्यतीत शरीर सगळ्यांत वेगात असतं ते ब्लॉकवरून (सूर मारायच्या चौथऱ्यावरून) पाण्यात शिरताना आणि भिंत सोडताना. तरीही सरावात टर्नकडे कुणी बघत नाही. मुलं भिंतीला हात लावून, गॉगल सारखा करून, एका पायाने ढकलतात. हजार वेळा असं केलं की शर्यतीतही तेच होतं.

रेटा पृष्ठभागावर नव्हे, साधारण अर्धा मीटर खाली द्या. पृष्ठभागाजवळ शरीर लाटा उभ्या करतं आणि त्या लाटा उभारायला तुमचीच ताकद जाते. खोलीवर हा तोटा बराच कमी होतो. पाण्याखालची डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली) यासाठीच. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये १५ मीटरच्या आत डोकं वर यायला हवं असा नियम आहे. ब्रेस्टस्ट्रोकला पाण्याखाली एक लांब ओढ आणि पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकच्या आधी एकच डॉल्फिन किक चालते.

१५ मीटर ही परवानगी आहे, सक्ती नव्हे. टीव्हीवर बघून मुलं कमजोर किकने १२ मीटरपर्यंत खाली राहतात आणि शेवटी जवळजवळ थांबून वर येतात. घसरणीचा वेग पोहण्याच्या वेगाएवढा उतरला की वर यायची वेळ झाली. बारा-तेरा वर्षांच्या बहुतेकांसाठी दोन-तीन किक पुष्कळ. वर आल्यावर पहिल्या हाताला श्वास घेऊ नका.

फ्लिप टर्नसाठी (भिंतीपाशी कोलांटी घेऊन वळणं): तळावरची काळी रेघ भिंतीपासून २ मीटर आधी आडव्या पट्टीने संपते. भिंत बघायला डोकं उचलू नका, ती पट्टी बघा. शेवटच्या दोन हातांत श्वास नको. हनुवटी छातीशी, गुडघे पोटाशी, पाय भिंतीला लागतील तेव्हा पाठ तळाकडे असली तरी चालेल. उताण्यानेच रेटा द्या आणि पालथं होणं घसरणीत उरका. आधी वळून मग रेटा देणाऱ्यांचे पाय भिंतीवर रेंगाळतात.

सूर मारताना हात, डोकं, कंबर आणि पाय एकाच भोकातून पाण्यात शिरायला हवेत. पोट आपटलं तर मागचा पाय नीट रेटला गेला नाही, किंवा डोकं उशिरा खाली गेलं. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत कांपालला वीरधवल खाडेने ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं. ५० मीटरच्या तलावात या शर्यतीला टर्नच नसतो. सूर, पाण्याखालचे मीटर आणि पहिला हात इथे चूक झाली तर भरून काढायला जागा उरत नाही.

इशारा: ब्लॉकवरून सूर मारण्याआधी खोली विचारा. ब्लॉकसमोर किमान १.३५ मीटर पाणी हवं, आणि शिकणाऱ्यांसाठी मी त्याहून जास्त खोल टोक निवडतो. उथळ पाण्यात सूर मारून मान मोडते.

तपासा: टर्नची वेळ पुन्हा घ्या. कित्येक मुलांची पहिली मोठी सुधारणा मला याच आकड्यात दिसली आहे, एकही लॅप न वाढवता.

टप्पा ८: दम

आता लॅप वाढवा. ५० मीटरची शर्यत मुख्यतः स्नायूंत साठलेल्या, ऑक्सिजनशिवाय मिळणाऱ्या ऊर्जेवर जाते. १०० ला दोन्ही लागतात. ४०० आणि पुढे ऑक्सिजनवर चालणारं इंजिन ठरवतं. एकाच प्रकारचे लॅप मारून तिन्ही सुधारत नाहीत.

लांब दमासाठी ८ × १०० मीटर, मध्ये १५ ते २० सेकंद विश्रांती, बोलता येईल इतपत दमून. शर्यतीच्या गतीसाठी १२ × २५, प्रत्येक शर्यतीच्या वेगानेच, मध्ये ३० ते ४० सेकंद. निव्वळ वेगासाठी ६ × १५ मीटर जीव तोडून, मध्ये दीड-दोन मिनिटं पूर्ण विश्रांती. पालकांना ही विश्रांती आळस वाटते. ती काढली तर तो सराव वेगाचा राहतच नाही.

माझा एक नियम पक्का आहे: ५० मीटरमागे हात ठरलेल्या आकड्यापेक्षा तीनने वाढले की तो सेट तिथेच बंद. त्यापुढे शरीर चुकीची पोहणी पाठ करतं.

इशारा: स्पर्धेसाठी पाण्याचं तापमान २५ ते २८ अंश असावं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्या उघड्या तलावांचं पाणी याहून गरम होतं. पाण्यात घाम येतो पण कळत नाही. कठड्यावर पाण्याची बाटली ठेवा, त्या महिन्यांत लांब सेट पहाटे घ्या. आणि विजा चमकल्या की सगळ्यांनी बाहेर, सेट अर्धा राहिला तरी.

टप्पा ९: ताकद, आणि खांदा

इथे मी स्वतः चुकलो आहे. चौदा वर्षांचा एक मुलगा खांदा धरून "सर, थोडं दुखतंय" म्हणाला आणि मी पुल बॉय (मांड्यांत धरायचा, पाय तरंगते ठेवणारा फोमचा तुकडा) लावून सेट पुरा करायला सांगितलं. पुल बॉयने सगळा भार हातांवरच आला. त्या पोराचा जवळजवळ अख्खा मोसम गेला. तेव्हापासून खांद्याचं दुखणं म्हणजे त्या दिवशी हात बंद, फक्त किक, आणि दोन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टर.

लहान मुलांना वजनं नकोत. जोर, प्लँक, उड्या, लोंबकळून पुल-अप एवढं आठवड्यातून दोन-तीनदा. रबरबँड कोपराशी काटकोन करून बाहेर खेचण्याचा व्यायाम मात्र सरावाआधी रोज. तो खांद्यामागचे छोटे स्नायू तयार करतो, जे पोहून तयार होत नाहीत. वयात आलेल्या मुलीला सतत थकवा असेल तर आणखी लॅप देण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

टप्पा १०: शेवटचे दोन आठवडे आणि शर्यतीचा दिवस

स्पर्धेआधी दहा-बारा दिवस अंतर हळूहळू निम्म्यापर्यंत आणा, वेग मात्र तोच ठेवा. अंतर आणि वेग दोन्ही कमी केले तर शरीर झोपी जातं. लहान मुलांना चार-पाच दिवसही पुरतात. भरीला भर म्हणून शेवटच्या आठवड्यात "एकदा शेवटचं जोरात" करून घेणं ही सगळ्यांत महाग चूक. त्या मेहनतीचा फायदा स्पर्धेनंतर मिळतो, थकवा स्पर्धेत.

खाण्यात नवं काही नको. उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि थोडं लोणचं, किंवा पाव-केळं, शर्यतीच्या दीड-दोन तास आधी. तळलेलं आणि नारळाच्या दाट रसातलं जेवण शर्यत संपल्यावर. स्पर्धेसाठी मुलांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि मुलींना खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा कापडी सूट चालतो. नवा सूट आणि नवा गॉगल त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आठवडाभर आधी दोनदा तरी पोहून बघा.

वॉर्म-अपमध्ये ६०० ते ८०० मीटर सावकाश, त्यात चार टर्न पूर्ण वेगाने, दोन सूर, आणि १५ मीटर दोनदा जोरात पोहणं. मग अंग पुसून कोरडे कपडे. शर्यत तासाभराने असेल तर पाच-दहा मिनिटं आधी हात फिरवा, उड्या मारा. शर्यत संपली की वेळ विचारायला धावू नका, आधी २०० मीटर सावकाश पोहा, श्वास जाग्यावर येऊ द्या.

दोन दिवसांनी, मूल ताजंतवानं असताना, पहिल्या दिवसाचे चार आकडे पुन्हा घ्या. त्यातला जो सगळ्यांत कमी सुधारला असेल, त्याच्या टप्प्यावर परत जा.